पिवळ्या पुडीला न बधलेला जीव

समुद्रपूर, जि. वर्धा
१२ फेब्रुवारी १९५९

प्रिय प्रेमदास,

अनेक आशीर्वाद. सगळ्यात आधी एवढं वाच आणि मग पुढे सरक: तुझा सुगत बरा आहे. मी हे लिहायला बसले आहे आणि तो माझ्या पाठीला धरून उभा राहून वेणी ओढतो आहे. शोभा त्याला उचलून नेते, तो रांगत परत येतो. यावरून लेकराच्या अंगात किती जोर आला आहे ते तूच ओळख.

हे आधी सांगावं लागतं, कारण कापूस वेचणी सुरू झाल्यापासून तुला गेलेल्या पत्रांत आम्ही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. मायने बजावलं होतं, "पोरगा सरहद्दीवर हाय. त्याच्या जिवाले घोर लावू नका. लेकरू उभं राह्यलं का मंग लिवजो." आता ते उभं राहिलं आहे. शोभा म्हणाली, ताई, तुम्हीच लिहा, आईच्या हातून हे लिहवत नाही. म्हणून मी लिहिते. पण खरं सांगू, शोभाने लिहिलं असतं तरी मी वेगळं पत्र लिहिलंच असतं. जे मी पाहिलं ते कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि लहानपणापासून माझं सगळं ऐकून घेणारा तूच.

सुरुवात कोंबड्यांपासून करते. तुझे भाऊजी गेले आणि मी माहेरी परत आले, तेव्हा माझं काय करायचं हे कुणालाच सुचत नव्हतं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई शेतात निंदायला गेली की बाया तोंडाला पदर लावून हसत, आणि घरी बसली की मायचे डोळे भरून येत. मग तू रजेवर आलास. मोटारीतून उतरलास तो मांडीवर जपून आणलेली पिलांची टोपली घेऊनच. "ताई, या तुह्या," म्हणालास. तुझ्या खाकी कपड्यांवर सगळीकडे पिलांची घाण होती आणि तुला त्याचं काहीच वाटत नव्हतं. ती विलायती पिलं मोठी झाली तेव्हा घरामागची आपली सांदवाडी बोंडं फुटलेल्या पराटीसारखी पांढरी दिसायला लागली. गावठी कोंबडी चार अंडी देते आणि खुडूक होऊन बसते. या जवळजवळ रोज देत. लोक मुद्दाम बघायला यायचे. मीसुद्धा पहाटे खुराडं उघडलं की घडीभर नुसती बघत राहायची.

पहिल्या पावसाळ्यात त्यांना पांढरी हगवण लागली. पंख पाडून, माना आत घेऊन एकेक कोपऱ्यात बसायला लागली. ढोरांच्या दवाखान्यातले लक्ष्मणराव तुला आठवतात ना, सायकलच्या दांडीला पिशवी बांधून फिरणारे? त्यांनी एक डबा आणला. आत पिवळी पूड. पाण्यात कालवली की पाणी हळदीसारखं व्हायचं. प्रेमदास, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या कोंबड्या मी मेल्या म्हणून धरल्या होत्या त्या दाणे टिपत होत्या. मी लक्ष्मणरावांच्या पाया पडायला गेले तर ते मागे सरले. "माह्या नाई बाई, या पुडीच्या पाया पडा," म्हणाले. त्यांनीच सांगितलं की रोगराई नसली तरी रोज चिमूटभर दाण्यात टाकावी, कोंबडी भरते आणि रोग शिवत नाही. डब्यावरच तसं छापलं आहे. मी रोज टाकू लागले. शेजारपाजारच्या बायाही वाटीत पूड मागून नेऊ लागल्या. कौशल्याबाईनेसुद्धा नेली, आणि आपण दीक्षा घेतल्यापासून ती आपल्या दारावरून पदर सावरून जात होती हे तुला माहीत आहे. दीडेक वर्ष असं सुरळीत चाललं.

मग यंदा वेचणीच्या दिवसांत हगवण परत आली. मी निर्धास्त होते, घरात पूड होती. पाण्यात टाकली. काही झालं नाही. लक्ष्मणराव आले, म्हणाले दुप्पट टाका. दुप्पट टाकली. पाणी इतकं पिवळं झालं की कोंबड्या चोच लावेनात. आणि रोज सकाळी खुराड्यात पांढरी पिसं पसरलेली, टांगा वर करून पडलेल्या कोंबड्या. मी आणि शोभा टोपलीत भरून नेऊन बांधाजवळच्या खड्ड्यात पुरत होतो. मला रडू येत नव्हतं, नुसती भीती वाटत होती. तीच कोंबडी, तोच रोग, तीच पूड. मग बदललं काय?

गावाकडे उत्तर तयार होतं. कौशल्याबाई विहिरीवर मायला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "देव नदीत बुडवून आले. आता मरीमाय सोडते का? आज कोंबड्या, उद्या..." तिने पुढचं गिळलं, पण मायने ते पुरं ऐकलं. तुला मायचा स्वभाव माहीत आहे, ती भांडली की समजावं सगळं ठीक आहे. या वेळी ती भांडली नाही, घागर उचलून घरी आली.

आणि मग सुगत पडला. तो तेव्हा नुकता भिंतीला धरून उभा राहायला लागला होता, पण सारा वेळ रांगायचा तो खुराड्याच्या तोंडाशीच. पिसं गोळा करायचा, तोंडात घालायचा, आम्ही काढून घेतली की खदखदून हसायचा. त्याला ताप भरला, हगवण लागली, पुढे रक्त पडू लागलं. हिंगणघाटच्या डॉक्टरांकडे नेलं. चांगले आहेत ते; त्यांनी पोराला नीट तपासलं आणि एक पिवळं औषध दिलं. चमच्यात ओतलं तेव्हा तो रंग पाहून मला पुडीचं पाणी आठवलं, पण डॉक्टरांना मी काय सांगणार होते? औषध वेळच्या वेळी दिलं. ताप हटेना. डोळे खोल गेले. रडायचा तर आवाज निघेना.

त्या दुपारी मायने मला चुलीपाशी बोलावलं. तिच्या पदराआड नारळ होता. "सुलोचने, म्या जाऊन येतो मरीमायच्या ओट्यावर. कोनाले सांगू नको. प्रेमदासलेबी नाई." दीक्षेसाठी पांढरं लुगडं नेसून नागपूरपर्यंत पायी चालत गेलेली आपली माय, तिच्या तोंडून हे ऐकून मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही. मी म्हणणार होते, जा. तेवढ्यात दारातून शोभा बोलली. तुझी बायको, जी या घरात आल्यापासून मान वर करून बोलली नव्हती. लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. म्हणाली, "नाई माय. जायचंच हाय तं वर्ध्याले जाऊ. तथं लहान लेकरांची डॉक्टरीण हाय. नारळ ठेवून द्या." आवाज चढवला नाही की रडली नाही. मायने नारळ कोनाड्यात ठेवला. प्रेमदास, तू या मुलीला पत्रात नुसतं "मायची सेवा कर" असं लिहितोस. यापुढे तिला जरा जास्त लिहीत जा.

बंडीने हिंगणघाट आणि तिथून रेल्वेने वर्धा. गाडीत शोभा सारा वेळ ओल्या फडक्याचं टोक सुगतच्या ओठात पिळत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणजे डॉ. मंदाताई वझलवार. उंच, केस पांढरे होत आलेले, बोलणं तुटक. त्यांनी सुगतची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. लगेच त्याच्या मांडीत सुई घालून मिठाचं पाणी सोडलं. मांडी फुगून टम्म झाली आणि हळूहळू लेकराच्या तोंडावर ओल आली. मग काडीला गुंडाळलेल्या कापसावर त्यांनी त्याची शी घेतली, काचेच्या नळीत घातली आणि म्हणाल्या, "औषध देऊन पाहत बसण्यापेक्षा आपण जंतूलाच विचारू."

मला वाटलं बोलायची रीत असेल. पण त्यांनी खरंच विचारलं. मला वाट पाहायला लावली ती त्यामुळेच. तो सारा काळ मी त्या वऱ्हांड्यात कसा काढला ते लिहीत नाही. शेवटी त्यांनी मला मागच्या एका खोलीत बोलावलं. खोलीत उकडलेल्या मांसाचा आणि स्पिरिटचा वास होता. एका उबदार पेटीतून, अंडी उबवायची पेटी असते ना तशीच, त्यांनी बशीएवढी झाकणाची काच काढली आणि माझ्यासमोर धरली. आत गोठलेल्या रसाचा थर होता. त्यावर साय धरावी तसा पातळ, राखाडी, मऊ पापुद्रा आला होता. "हे तुमच्या बाळाचे जंतू. रात्रभरात वाढले," त्या म्हणाल्या. आणि त्या सायीवर कागदाच्या बारीक टिकल्या चिकटवल्या होत्या, प्रत्येक टिकलीत एकेक औषध भिजवलेलं. एका टिकलीभोवती स्वच्छ गोल जागा होती, चंद्राला खळं पडतं तशी. तिथे जंतूंना पाय ठेवता आला नव्हता. आणि दुसरी एक टिकली होती, किंचित पिवळट. तिच्याभोवती खळं नव्हतं. जंतू अगदी तिच्या कडेला भिडून, तिला खेटून वाढले होते. जणू तिथे औषध नाहीच.

"हे तेच औषध, जे बाळाला चाललं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी कधी दिलं होतं त्याला?" मी नाही म्हटलं. त्या काचेकडे बघत स्वतःशीच म्हणाल्या, मग या जंतूला याची सवय कुठे लागली? आणि एकदम मला विचारलं, "घरी काय काय पाळता?"

मी सांगितलं. कोंबड्या, पूड, रोजची चिमूट, पिवळं पाणी. बाईंनी मला टोकलं नाही. सगळं ऐकून आधी त्यांनी सुगतसाठी दुसरं औषध काढलं, ज्याच्याभोवती खळं पडलं होतं ते. इतकं कडू की तुझ्या लेकाने पहिला चमचा माझ्या अंगावर थुंकला आणि तेवढ्या आजारातही माझ्याकडे असं रागाने पाहिलं की मला हसू फुटलं. मग बाई म्हणाल्या, "मला त्यातली एक आजारी कोंबडी हवी. आणता येईल?"

निरोप गेला. लक्ष्मणराव स्वतः आले, टोपलीत कोंबडी घेऊन, आणि मायही त्यांच्यासोबत आली, नातू बघायला. तोपर्यंत सुगतचा ताप उतरू लागला होता. बाईंनी कोंबडी कापली, तिच्या काळजातून कापसावर घेतलं, पुन्हा ती पेटी, पुन्हा ती वाट. आणि मग त्यांनी दोन काचा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक सुगतची, एक कोंबडीची. प्रेमदास, दोन्हींत काही फरक नव्हता. तसलंच खळं, तसलीच पिवळट टिकली, आणि तिला तसंच खेटून वाढलेलं. लक्ष्मणरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "बाई, म्या सोताच्या हातानं देल्ली हो थे पूड," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही छापलेलं वाचलंत. मीही छापलेलंच वाचते. परदेशातल्या कोंबड्यांत असं झाल्याचं मी वाचलं होतं. डोळ्यांनी आज पाहते आहे."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. जंतू एक नसतो, एका थेंबात लाखो असतात. पूड टाकली की मरतात, पण त्या लाखांत एखादा असा निघतो की ज्याला ती लागू होत नाही. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तो तसाच निपजतो. आजूबाजूचे सगळे मेले की त्याला सगळं रान मोकळं. तो एकाचे दोन होतो, दोनाचे चार, आणि संध्याकाळपर्यंत सारं रान त्याच्याच वंशाचं. आम्ही रोज चिमूट चिमूट टाकत गेलो आणि रोज त्याच्यासाठी रान साफ करून देत गेलो.

हे मला कळलं, पण ते बघायचं राहिलं होतं. बाईंनी भिंगाच्या नळीखाली एक थेंब ठेवला आणि मला डोळा लावायला सांगितलं. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात बारीक बारीक काड्या दिसल्या. आणि त्या काड्या चालत होत्या रे. सरळ जायच्या, थबकायच्या, गिरकी घ्यायच्या, पुन्हा दुसरीकडे निघायच्या. बांधावरून नदीतले मासे बघावे तसं. याच जिवाने माझ्या कोंबड्या नेल्या, यानेच आपल्या सुगतला मरणाच्या दारापर्यंत ओढत नेलं होतं. मला त्याचा संताप यायला हवा होता. पण मी नुसती बघत राहिले. डोळा नाही, कान नाही, डोकं असायलाही जागा नाही, असा एवढासा जीव, आणि माणसांनी एवढी विद्या लावून शोधलेल्या औषधातून तो पार होऊन गेला, आणि पलीकडे जाऊन पुन्हा आपला गिरक्या घेतो आहे. माझ्या अंगावर काटा आला. दीक्षेच्या दिवशी ती अथांग गर्दी बघून आला होता, तसाच. आजूबाजूला एवढं मोठं काहीतरी चाललेलं असतं आणि आपण त्यातच भाकरी थापत असतो, झाडत असतो.

मग बाईंनी मायला बोलावलं. माय मागे सरू लागली, तर बाईंनी तिला हाताला धरून आपल्या स्वतःच्या स्टुलावर बसवलं. मायने एक डोळा मिटला आणि दुसरा नळीला लावला. कितीतरी वेळ ती हलली नाही. मला वाटलं तिला काही दिसतच नसेल. मग ती हळूच म्हणाली, "अवं माय... हे तं जित्रूब हाय." आणखी बघितलं. "हे आपलं खाऊन-पिऊन राह्यलं. याले आपलं नाव ठाव नाई का गाव ठाव नाई. हे कोनावर कायचं कोपते?" डोळा काढून तिने माझ्याकडे पाहिलं, आणि एवढ्या दिवसांनी माय मोठमोठ्याने रडली. डॉक्टरीणबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

सुगत बरा होऊन आम्ही घरी आलो. उरलेल्या कोंबड्या बाईंनी सांगितलं तसं मारून जाळून टाकल्या. खुराडं मोडलं, जमिनीवर चुना टाकला. लक्ष्मणराव गावोगाव सायकल मारून सांगत फिरताहेत की पूड आजारीपणातच द्या, रोज देऊ नका. काही ऐकतात, काही डबा दाखवून म्हणतात इथं तर छापलं आहे. कौशल्याबाईच्या कोंबड्याही गेल्या. परवा ती आपल्या ओसरीवर येऊन बसली आणि मायला म्हणाली, "तानाबाई, मले सांगा ना, थे कसं दिसते?" आणि माय हातवारे करून सांगत होती.

पण बाईंनी मला एक गोष्ट सांगितली ती मी मायला सांगितलेली नाही. त्या जंतूचं बियाणं आता संपणार नाही. कुणाच्या तरी खुराड्यात, विहिरीच्या कडेला, कुणाच्या हाताच्या नखात ते राहणार. उद्या कडू औषधही सगळीकडे चिमूट चिमूट वाटलं, तर त्याच्याभोवतीचं खळंही एक दिवस मिटेल. "आपण एक पाऊल टाकलं की ते दुसरं टाकतं," त्या म्हणाल्या, "म्हणून काचेकडे बघत राहणारं कुणीतरी लागतं." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही येता का?"

आता हे पत्र मी का लिहिलं ते सांगते. तू शोभाला कळवलंस की चैत्रात रजेवर येताना ताईसाठी पुन्हा पिलं आणतो, सांगून ठेवली आहेत. ती आणू नकोस. तुझ्या त्या टोपलीने मला उभं केलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि म्हणूनच हे लिहिताना जीव खालीवर होतो आहे. पण मला आता त्या खोलीत जायचं आहे. सुरुवात काचा धुण्यापासून आहे, बाईंनी आडपडदा ठेवला नाही. काचा नीट धुता आल्या की रस शिजवायला शिकवतील, मग टिकल्या लावायला, मग भिंग. राहायला नर्सेसच्या कोठीत जागा आहे. माय म्हणते, विधवा बाई परगावी एकटी कशी राहील, प्रेमदासले काय वाटंल. शोभा म्हणते, जा ताई, मायकडं मी पाहतो. तू 'जा' म्हणालास तर माझं मन हलकं होईल. पण मार्च लागला की मी जाणार आहे. तेव्हा उत्तर इथे टाकू नकोस. डॉ. वझलवार यांच्या प्रयोगशाळेत, वर्ध्याच्या पत्त्यावर पाठव.

तुझीच,
सुलोचनाताई